लखीरामच्या वाटचं रडणं

कॉलेजच्या व्हरांड्यात शिपायासाठी एक स्टूल ठेवलेलं होतं. त्यावर लखीराम बसलेला फारसा कुणी पाहिला नव्हता. तासाची घंटा वाजवून झाली की तो पायऱ्यांपर्यंत जायचा, परत यायचा, प्राचार्यांच्या दाराचा पडदा सरळ करायचा आणि पुन्हा पायऱ्यांकडे वळायचा. हेडक्लार्क भगवानराव म्हणत, "याचा आजा बैलावर मीठ लादून मुलूखभर हिंडला. हा बिचारा व्हरांड्यातच हिंडून राह्यला." लखीराम हसायचा. गोरमाटी, म्हणजे बंजारा माणूस एका जागी बसत नाही, असं सगळ्यांना वाटत होतं तर वाटू द्यावं.

पण १९६२ च्या जानेवारीत त्याच्या येरझाऱ्या वेगळ्या होत्या. घंटा एकदा तीन मिनिटं आधी वाजली, एकदा वाजलीच नाही.

विद्यापीठानं त्या वर्षी ठरवलं होतं की जिल्ह्याच्या ठिकाणी तीन दिवसांचा कलांचा आणि परिसंवादाचा मेळा भरवायचा. यवतमाळचा मेळा या कॉलेजकडे आला. सकाळी चर्चा, संध्याकाळी कार्यक्रम. झरी-जामणीकडून कोलाम मंडळी ढोल घेऊन यायची होती, पांढरकवड्याकडून तेलुगू गाणारे, गावातल्या शायरांचा मुशायरा होता. नवं राज्य होऊन पुरती दोन वर्षं झाली नव्हती; आपल्याच जिल्ह्यात किती तऱ्हेची माणसं राहतात हे पोरांना कळलं पाहिजे, असं प्राध्यापक सदाशिवराव यांचं म्हणणं. मेळ्याची सगळी धावपळ त्यांच्याकडे होती. माणूस मनानं चांगला, फक्त ऐकण्याआधी लिहून घ्यायचा.

डिसेंबरात एका दुपारी खुर्च्या मोजून ठेवताना त्यांनी लखीरामला विचारलं, "काय रे, तुमच्या तांड्यावर लग्नात मुली गाऊन रडतात म्हणे?"

"हो सर. ढावलो म्हन्तेत त्याले."

"चांगलं कोण म्हणतं?"

"माही बहीन. जमनी." लखीरामच्या तोंडून निघून गेलं. चार वर्षांत त्यानं हे नाव मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. उच्चारलं तेव्हा छाती जराशी फुगली, आणि तिथंच घोटाळा झाला.

"तिला आणशील?"

लखीरामनं मान हलवली. कोटातल्या माणसापुढे त्याची मान वरखालीच हलायची, आडवी हलायला ती शिकलेलीच नव्हती.

आठ दिवसांनी छापील पत्रिका आल्या. फळ्यावर लावायचं काम त्याचंच. चौथी पास माणूस, त्यानं एकेक अक्षर लावत वाचलं: तिसरा दिवस, सायंकाळी सात, 'ढावलो : बंजारा विदाईगीत', सौ. जमनीबाई आणि मंडळी. दुसरा खिळा ठोकताना हातोडी अंगठ्यावर बसली.

जमनी त्याच्याशी बोलत नव्हती, हे कॉलेजात कुणालाच माहीत नव्हतं.

ढावलो काही ओळीत उभं राहून म्हणायचं गाणं नाही. लग्न लागून मुलगी निघाली की ती एकेकाच्या गळ्यात पडते. आईच्या, काकाच्या, मैत्रिणीच्या. ज्याच्या गळ्यात पडली त्याचं त्याचं वेगळं रडणं. आईला म्हणायचं ते काकाला म्हणत नाहीत. म्हाताऱ्या बाया महिनाभर आधीपासून नवरीला हे शिकवतात. कुठे सूर ओढायचा, कुठे दम घ्यायचा. सगळ्यात शेवटी ती बैलाच्या पाठीवर उभी राहते आणि बापाच्या घराचं भलं चिंतून निघून जाते.

जमनीचा बाप ती लहान असतानाच गेला होता. तेव्हा बापाच्या जागी भाऊ, म्हणजे लखीराम. तिचं लग्न ठरलं एप्रिल अठ्ठावन्नमध्ये, ऐन परीक्षेत. लखीरामला नोकरी लागून दोन महिने झाले होते. भगवानराव म्हणाले, "जा ना, बहिनीचं लगन हाय. पन मंग परत येऊ नको." लखीराम गेला नाही. मांडवात जमनी आईच्या गळ्यात पडली, काकांच्या पडली, आणि मग भावाची पाळी आली तेव्हा वाटेकडे पाहत उभी राहिली. म्हाताऱ्या म्हणाल्या, पोरी, चुलतभावाच्या गळ्यात पड. ती म्हणाली, नाही. त्या वेळेला लखीराम इकडे यवतमाळात शेवटच्या पेपरची घंटा वाजवत होता.

"तुह्या वाटचं तिनं म्हनलंच नाई," आईनं, लालीबाईनं, नंतर सांगितलं होतं. "तसंच घेऊन गेली संग."

पत्रिका लावल्यानंतरच्या रविवारी लखीराम महागावची मोटर धरून गेला. आईला सोबत घेतलं आणि दोघं जमनीच्या सासरच्या तांड्यावर पोचली. बाहेरच्या कामासाठी तांड्यातली बाई न्यायची तर आधी तांड्याच्या प्रमुखाला, नायकाला, विचारावं लागतं, भाऊ असला तरी. नायक उत्तमसिंग लिंबाखाली खाटेवर बसला होता. लखीरामनं पत्रिका पुढे केली.

नायकानं कागद उलटासुलटा केला. "यात जमनीचं नाव कोनतं?"

लखीरामनं बोट ठेवलं.

"छापूनच टाकलं?" नायकानं भोवतालच्या माणसांकडे पाहिलं. "वा रे कालेज! लगन लावलं, न आता पोरगी पाहाले आले!"

सगळे हसले. लालीबाईही हसली. लखीराम पत्रिकेकडे पाहत राहिला.

"चूक माही हाय, नायक," तो म्हणाला. "मी हो म्हनलं."

"तू तं सगळ्याईलेच हो म्हन्तं. घरच्याईले तेवढं म्हनत नाई." नायकानं चिलमीचा झुरका घेतला. "पन बायाईले यवतमाय पाहाचं हाय. माहीवाली तं आतापासूनच फेटियाचे घागरे धुवाले बसली. मले गावात राह्यचं हाय बापा. जाऊ द्या. पन ढावलो म्हनाचं का नाई ते जमनीचं तिनं पाह्यवं. रडनं काही नायकाच्या हुकमानं होत नाई."

जमनी गोठ्यात होती. भावाला पाहून तिनं डोक्यावरची ओढणी पुढे ओढली आणि म्हशीपुढे कडबा टाकू लागली. लखीराम दारात उभा राहिला. आत जावं की नाही हे त्याला ठरवता येईना, म्हणून तो एक पाय आत टाकायचा आणि बाहेर काढायचा.

"जमनी," तो म्हणाला.

"काय व भुरे," जमनी म्हशीला म्हणाली, "आज कालेजाची घंटी कोन वाजवून राह्यलं असन?"

"आज इतवार हाय."

"आयकलं का भुरे? इतवार हाय म्हनून आले पाहुने. माहं लगन बुधवारी होतं. चुकलंच आपलं."

लालीबाई म्हणाली, "बस कर वं पोरी. चार सालं झाले."

"मी कोठी काही बोलून राह्यली, याडी?" ती आईला म्हणाली. "मी तं म्हशीसंग बोलतो." जमनीनं कडब्याची पेंढी खालीच ठेवली. मग जरा हळू आवाजात, पण म्हशीकडेच तोंड करून म्हणाली, "भुरे, त्याईले इचार, तिथं मी कोनाच्या गळ्यात पडू? त्या छापनाऱ्या मास्तरच्या?"

लखीरामला उत्तर ठाऊक होतं. ते जिभेवर आलंही. पण कार्यक्रमाच्या वेळी तो कुठे असेल, मोकळा असेल की नाही, हे त्याला कुठे माहीत होतं? साहेब सांगतील तिथे तो असणार. लग्नाला येतो म्हणून एकदा दिलेला शब्द मोडून झाला होता. दुसरा द्यायची हिंमत झाली नाही.

"पाहू," तो म्हणाला.

"पाहू म्हन्तेत, भुरे," जमनी म्हणाली, आणि पेंढी उचलून पाठ फिरवली.

परतीच्या मोटरीत त्याला बसायला जागा मिळाली होती, तरी तो दिग्रसपर्यंत दांडी धरून उभाच राहिला.

मेळा सुरू झाला. कॉलेजच्या मागच्या मैदानात मांडव, बांबूचं स्टेज, आणि त्याला वर गुंडाळला जाणारा एक जाड निळा पडदा. पहिल्याच संध्याकाळी पडद्याच्या दोराची खुंटी उपटून आली. पुन्हा ठोकली, पुन्हा निघाली. पोकळ बांबूत ती धरेना. तेव्हा भगवानरावांनी उपाय काढला. कार्यक्रम चालू असेपर्यंत लखीरामनं दोर हातात धरून उभं राहायचं.

"हे पाह्य," ते म्हणाले, "दोर सुटला तं पडदा पडन. पडदा पडला तं अख्ख्या विद्यापीठात आपलं हसं होईन. समजलं?"

समजलं. पहिल्या दिवशी त्यानं तेलुगू गाण्यांपासून मुशायऱ्यापर्यंत दोर धरला. मुशायऱ्यात प्रत्येक शेराला वाहवा होई आणि पडदा तेवढा बोटभर थरथरे. दुसऱ्या दिवशी कोलामांचा ढेमसा झाला; हात गुंफून गोल फिरणारी माणसं, ढोलाच्या ठोक्यानं स्टेजचे बांबू करकरत होते. पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. लखीरामच्या तळहातांची सालं निघाली होती, पण त्याचं लक्ष त्यात नव्हतं. उद्या काय, उद्या काय, एवढंच त्याच्या डोक्यात ढोलाबरोबर वाजत होतं.

कार्यक्रम संपल्यावर त्यानं भगवानरावांना गाठलं. "साहेब, उद्या ढावल्याच्या टायमाले दुसऱ्या कोनाच्या हातात दोर देल्ला तं?"

"काहून? तुले समोर बसून पाह्यचं हाय?"

"नाई. म्हन्जे, हो."

"अरे, घरचंच गानं तुहं. रोज आयकत असशीन." भगवानराव हसले. "तुह्याबिगर तो दोर कोनाले सांभाळता येत नाई. ही तारीफ समज."

लखीरामची मान वरखाली हलली.

तिसऱ्या दिवशी सकाळी परिसंवाद होता, 'लोकगीतं आणि आजचा समाज'. नागपूरहून दोन विद्वान आले होते. लखीराम पाण्याचे पेले फिरवत होता. एक जण ढावल्यावर बोलले. त्यांनी तो कधी ऐकला नव्हता, पण वाचलं बरंच होतं. म्हणाले, हे स्त्रीचं स्वतःशीच बोलणं आहे, ऐकणारा कुणी असो वा नसो. दुसऱ्यांनी मान डोलावली. सदाशिवरावांनी वहीत टिपून घेतलं.

लखीराम ट्रे घेऊन तिथंच थांबला. ऐकणारा नसला तर? नसला तर पोरगी चार वर्षं तसंच पोटात घेऊन फिरते साहेब, हे सांगावं असं त्याच्या मनात आलं. ट्रेमधले पेले एकमेकांवर वाजायला लागले. त्या विद्वानांनी वर पाहिलं.

"काय रे?"

"पानी, साहेब," लखीराम म्हणाला.

चारच्या मोटरीनं बाया आल्या. जमनी, आणखी अकरा जणी, लालीबाई, आणि पुढे उत्तमसिंग नायक लाल फेटा बांधून. आरशांच्या चोळ्या, म्हणजे कांचळ्या, हातभर पांढऱ्या बलिया-बांगड्या. कॉलेजच्या फाटकातून त्या आत आल्या तेव्हा व्हरांड्यातली पोरं दोन्ही बाजूंना सरकली. एका पोरानं काहीतरी टोमणा मारला. नायकाच्या बायकोनं उलट असं काही सुनावलं की तो पोरगा ग्रंथालयात जाऊन बसला. जमनी लखीरामच्या शेजारून गेली. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं ते घंटेकडे. व्हरांड्याच्या आढ्याला टांगलेला रुळाचा तो तुकडा तिनं वरपासून खालपर्यंत नीट पाहिला. एवढंसं तर आहे, असं काहीसं तिच्या चेहऱ्यावर होतं.

संध्याकाळी सातला मांडव भरला. प्राचार्य, पाहुणे, गावातले वकील, डॉक्टर पुढे बसले. सदाशिवरावांनी माईकवर दहा मिनिटं ढावल्याची माहिती सांगितली आणि इशारा केला. लखीरामनं दोर ओढला. पडदा वर गेला. दिव्यांच्या उजेडात आरसे चमकले आणि टाळ्या पडल्या.

बाया मागे अर्धगोलात उभ्या होत्या. जमनीला मधोमध माईकसमोर उभं केलं होतं. ती उभी राहिली. माईककडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं, दोन्ही हात थोडे पुढे केले आणि खाली सोडले.

मांडव वाट पाहत होता. मागून एक शिटी आली.

"सुरू करा, बाई," सदाशिवराव बाजूनं म्हणाले. "घाबरू नका."

"घाबरत नाई मी," जमनी म्हणाली. ते माईकमधून भोंग्यात गेलं आणि सगळीकडे ऐकू आलं. लोक हसले. "कोनाच्या गळ्यात पडून रडू, ते सांगा."

हशा आणखी वाढला. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "प्रिन्सिपॉल साहेबाच्या!" प्राचार्यांनी कोटाची गुंडी चाचपली. सदाशिवरावांच्या हातातले टिपणाचे कागद खाली आले. आपण काहीतरी विचारायचं राहून गेलं, हे त्यांना तिथं उभ्या उभ्या कळत होतं. ते म्हणाले, "तसंच म्हटलं तर नाही का चालणार?"

"तसं येतच नाई," जमनी म्हणाली.

ती आता बाजूला पाहत होती. स्टेजच्या कडेला, बांबूला पाय लावून, दोर दोन्ही मुठींत धरून लखीराम उभा होता. चार वर्षांत प्रथमच तिनं सरळ त्याच्याकडे पाहिलं. मध्ये म्हैस नव्हती. रागही दिसत नव्हता. मांडवात वाटेकडे पाहताना ती अशीच दिसली असेल, एवढं त्याला समजलं.

"लखीराम, दोर सांभाळ," पहिल्या रांगेतून भगवानराव दबक्या आवाजात म्हणाले. याच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं त्यांना.

लखीरामची मान हलली. पहिल्यांदाच ती आडवी हलली. आणि त्यानं दोर सोडला.

पडदा धाडकन खाली आला. त्याच्या धुळीनं पुढच्या रांगा खोकल्या. पडद्याआड अंधुक उजेडात लखीराम चार पावलं चालून गेला आणि बहिणीसमोर उभा राहिला. खाकी सदरा, पितळी बिल्ला, सोललेले हात. त्यानं मान थोडी खाली वाकवली, एवढंच.

जमनी त्याच्या गळ्यात पडली.

बाहेर आरडाओरडा चालला होता. "पडदा! पडदा वर करा!" भगवानराव स्टेजवर चढून आत आले, दोराकडे झेपावले. सदाशिवरावांनी त्यांच्या आधी दोर उचलला. तो ओढावा की नाही, हे त्यांना कळेना. लालीबाई त्यांच्याजवळ गेली आणि त्यांच्या हातावर हात ठेवला.

"राहू द्या गुर्जी," ती म्हणाली. "हे पाह्याचं नसते."

तेवढ्यात माईकनं पहिला सूर पकडला. भियाऽऽ, म्हणजे भाऊ, असा तो लांब सूर, वर चढून मध्येच तुटणारा. बाहेर मांडव एकदम गप्प झाला. निळा पडदा समोर लोंबत होता, दिसत काहीच नव्हतं, आणि भोंग्यातून ते रडणं येत होतं. भिया, मी वाट पाहिली, धूळ उठली ती गुरांची निघाली. भिया, आईनं तुझ्या वाटची जागा झाडून ठेवली होती, तिथं वारा येऊन बसला. बैलाच्या पाठीवर उभी राहिले तेव्हा सगळ्या घराचं भलं मागितलं, तुझं मागायचं राहिलं, ते आज मागते. शब्द बहुतेकांना कळत नव्हते. मांडवातल्या बाया मात्र पदर डोळ्यांना लावत होत्या. भगवानराव आत आले होते ते तिथंच उभे राहिले. थोड्या वेळानं त्यांनी टोपी काढली, घातली, पुन्हा काढली.

लखीराम एकाच जागी पाय रोवून उभा होता. किती वेळ गेला ते त्याला कळलं नाही. भावानं यात काही बोलायचं नसतं, फक्त उभं राहायचं असतं. कुठेही न जाता उभं राहणं किती अवघड असतं हे त्याला त्या दिवशी समजलं.

सूर संपला. जमनीनं ओढणीनं तोंड पुसलं, भावाला हातभर दूर धरलं आणि न्याहाळलं.

"वायला तू," ती म्हणाली. "काय खातं काय नाई इकडं?" मग लगेच, "जाय आता. तुहा दोर राह्यला न. तो कोटवाला दोर धरून घाबरला पाह्य."

बाया हसल्या. उत्तमसिंग नायक मागून म्हणाला, "आता हसती लेंगी म्हना वं, नाई तं लोकाईले वाटन, गोरमाटी नुसते रडतेत."

"लेंगी होळीचं गानं. होळीले दोन महिने हायेत, नायक!" एक बाई म्हणाली.

"मंग होळीलेच म्हना बापा, हे लोक काय तोपर्यंत बसून राह्यतेत?"

सदाशिवरावांनी दोर लखीरामच्या हातात दिला. वही त्यांनी काढली नाही. लखीरामनं पडदा वर ओढला. टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि मधोमध जमनी दोन्ही हातांनी टाळी देत लेंगीवर गोल फिरायला लागली, मागून अकरा जणींच्या बलिया एका ठोक्यात वाजल्या.

भगवानराव लखीरामच्या शेजारी येऊन उभे राहिले. "दोर सुटला कसा रे?" त्यांनी विचारलं.

"सोडला, साहेब."

भगवानरावांनी टोपी डोक्यावर नीट बसवली. मग म्हणाले, "एप्रिलात का होतं लगन तिचं?"

"हो. अठ्ठावनच्या."

भगवानरावांनी स्टेजकडे पाहिलं. "अच्छा," ते म्हणाले, आणि दोराचं मोकळं टोक आपल्या हाताला एक वेढा देऊन धरून ठेवलं.

लखीरामच्या सदऱ्याची कॉलर ओली होती. हवेत गारवा होता, ती मानेला थंड लागत होती. त्यानं ती पुसली नाही. बायांच्या ठोक्यावर त्याचा एक पाय हलायला लागला होता. दोर मात्र त्यानं घट्ट धरला होता. आता तो सुटला असता तर जमनीनं पुढची चार वर्षं म्हशीला सांगितलं असतं.